खुणेची काठी

कुणकेश्वरच्या पुळणीवर गाडीतून उतरल्याबरोबर त्यानं पहिलं काम काय केलं, तर एक काठी शोधली. सुरूच्या झाडाखाली पडलेली, वाळकी, मनगटाएवढी जाड. ती घेऊन तो सरळ पाण्यापर्यंत गेला, लाट जिथवर येऊन परतत होती ती जागा थोडा वेळ उभं राहून नीट पाहिली आणि तिथं वाळूत काठी रोवली. बुडाशी पायानं वाळू दाबली. मग चार पावलं मागं येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मी तोवर पँट दुमडून घोट्याएवढ्या पाण्यात शिरलो होतो आणि देवळाचा कळस, मागची टेकडी आणि समोरचं सगळं निळं एका फोटोत कसं बसवायचं या खटपटीत होतो. "काय करायलायस?" मी विचारलं. "काय न्हाई," तो म्हणाला, "असंच."

असंच नव्हतं ते.

सहलीचं आदल्या रात्री ठरलं होतं. कोजागरी होती. आमच्या गच्चीवर पातेल्यात दूध आटत होतं, बायका-पोरांचा गलका चालला होता आणि हा चिखलीहून मोटरसायकलवर एकटाच आला होता, कारण घरच्यांनी गावातल्या मंडळाच्या दुधाला जायचं ठरवलं होतं. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं मी खुर्चीवरच्या नोकरीत गेलो, तो घरच्या उसात आणि म्हशींत. पण पावसाळा संपला की आमचं एकदा भेटून बसणं होतं. दुधाचा दुसरा पेला घेताना तो म्हणाला, "दर्या बघून लई वर्सं झाली." कारखान्यांच्या बॉयलर पेटवण्याचे फ्लेक्स चौकाचौकांत लागले होते, दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की त्याला मान वर करायला सवड नसते. म्हटलं, मग उद्याच. झोप अशी झालीच नाही. पहाटे रंकाळ्याला वळसा घालून फुलेवाडीतून बाहेर पडलो तेव्हा पौर्णिमेचा चंद्र मावळतीला उतरलेला, रस्त्याच्या बरोबर नाकासमोर. बालिंग्याच्या पुलावर त्यानं काच खाली केली आणि भोगावतीकडं बघितलं. अंधारात काही दिसण्यासारखं नव्हतं. तरी बघितलं. पुलावरून जाताना पाणी कुठवर आहे ते बघायचं, ही सवय तशी आम्हा सगळ्यांनाच आहे, पण मी ऑक्टोबरात नाही बघत.

गगनबावड्याचा रस्ता ऑक्टोबरात फार देखणा होतो आणि त्याबद्दल फार लिहिलंही जातं, म्हणून मी आवरतं घेतो. एवढंच सांगतो की उजाडता उजाडता असळजच्या पुढं दोन्ही बाजूंना भात पिवळं पडलेलं होतं, बांधावर कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे होते, आणि परतीच्या पावसानं धुऊन काढल्यामुळं हवेत धुळीचा कण नव्हता, त्यामुळं डोंगर एरवीपेक्षा जवळ सरकल्यासारखे वाटत होते. गगनबावड्याला टपरीवर चहा घेतला. चुलीला ओली लाकडं होती, धूर चहात उतरलेला. समोर गगनगड उन्हात आणि पायाखालचं कोकण ढगात. मला तिथं उभं राहिलं की दरवेळी तोच विचार येतो आणि मी तो दरवेळी सोबतच्याला ऐकवतो. म्हटलं, बघ, इथून समुद्र सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर. या टपरीच्या छपरावर पडलेला पाऊस पश्चिमेच्या पन्हाळीतून गळला तर संध्याकाळपर्यंत विजयदुर्गच्या खाडीच्या वाटेला लागेल. पूर्वेच्या पन्हाळीतून गळला तर कुंभीत, कुंभीतून पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, मग अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर, विजयवाडा असं करत हजारावर किलोमीटर चालून पार बंगालच्या उपसागराला. मला हे फार गमतीचं वाटतं.

त्यानं बशीत चहा ओतला. "आणि मधी चिखलीत मुक्काम," तो म्हणाला.

चिखली म्हणजे प्रयाग चिखली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, या पाचांची पंचगंगा होते ती तिथंच. संक्रांतीला आम्ही शहरातले लोक तिथं स्नानाला जातो. त्याचं गावाबद्दलचं एक ठरलेलं वाक्य आहे: चार नद्या दिसतात आणि पाचवी पावसाळ्यात घरात येते. पाहुण्यांना तो हे हसत सांगतो. मी ते इतक्यांदा ऐकलंय की आता पाहुण्यांच्या आधी हसतो.

करूळ घाट आता काँक्रीटचा झालाय. कामासाठी तो बंद होता त्या दिवसांत भुईबावड्यानं फिरून जाताना ड्रायव्हर लोकांनी दिलेल्या शिव्या अजून कपारीत घुमत असतील. आम्ही मात्र अर्ध्या तासात खाली. घाट उतरला की कान बंद होतात आणि अंगातलं स्वेटर नकोसं होतं. कोल्हापूर–वैभववाडी रेल्वे आमच्या लहानपणापासून येणार आहे, त्यामुळं वैभववाडीचं स्टेशन दिसलं की आम्ही दोघंही एका सुरात "आली, आली" म्हणतो. हा विनोद जुना आहे, रेल्वेमुळं तो टिकून आहे. तळेऱ्याला हायवेला लागलो. तिथून उजवीकडं विजयदुर्गचा रस्ता फुटतो. त्याच रस्त्याच्या अंगाला पोंभुर्ले, 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांचं गाव. त्याला विजयदुर्गला जायचं होतं, कारण तो किल्ला आपल्या पन्हाळ्याच्या शिलाहार भोजानं बांधला असं त्यानं शाळेत ऐकलं होतं आणि बाराव्या शतकातल्या राजालासुद्धा घाट उतरून समुद्राकाठी एक घर करावंसं वाटलं, हे त्याला पटण्यासारखं होतं. पण मला पुळण हवी होती. गाडी माझी, म्हणून नांदगाव तिठ्यावरून देवगड.

देवगडच्या सड्यावर गवत तांबूस व्हायला लागलं होतं. पावसाळ्यात जो जांभा काळा आणि शेवाळलेला असतो तो आता वाळून पुन्हा लाल निघाला होता. कलमांना तांब्याच्या रंगाची कोवळी पालवी आलेली. मी म्हटलं, काय सुंदर. रस्त्यात एका बागेशी पाणी घ्यायला थांबलो तिथला म्हातारा त्याच पालवीकडं बघून तोंड वाकडं करत होता. आत्ता पालवी फुटली म्हणजे मोहोर लांबणार, आणि मोहोर लांबला म्हणजे आंबा उशिरा, भाव पडल्यावर. मित्र त्याच्याशी लगेच बोलायला लागला, खतं, मजुरी, फवारणी. दोघांची भाषा वेगळी, पिकं वेगळी, आणि पाचच मिनिटांत दोघं मिळून सरकारला नावं ठेवायला लागले. मी गाडीत बसून मोबाइलमध्ये पालवीचा फोटो पुन्हा बघितला. छानच आला होता.

आणि मग ती पुळण, आणि ती काठी.

कोल्हापुरात पूर बघायला जाणं हा पावसाळी कार्यक्रम असतो. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं. पंचगंगा पात्राबाहेर पडली की घाटाच्या दीपमाळा पाण्यात उभ्या राहतात, ते बघायला संध्याकाळी आख्ख्या पेठा लोटतात. शिवाजी पुलावर मक्याच्या कणसाच्या गाड्या लागतात. पोरांना खांद्यावर घेऊन बाप लोक दाखवतात, ते बघ देऊळ, कळसापर्यंत आलं. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून मीही बघितलंय. त्या गढूळ पाण्याला एक वास असतो, शेणाचा, कुजल्या पाल्याचा आणि लांबच्या मातीचा. त्या वासात कणीस खाल्लेलं मला अजून आठवतं आणि ते आठवलं की छान वाटतं, ते मी लपवणार नाही. राजाराम बंधाऱ्याची पातळी आमच्याकडं क्रिकेटच्या धावांसारखी विचारली जाते. किती झालं? अडतीस. एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका. हे आकडे शाळकरी पोरालाही पाठ असतात.

२०१९च्या ऑगस्टमध्ये तो आकडा पंचावन्न फुटांच्या वर गेला आणि कणसाच्या गाड्या दिसेनाशा झाल्या. पुणे–बंगळूर हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. दूध नाही, पेट्रोल नाही. शिंगणापूर-बालिंग्याची पंपिंग स्टेशनं बुडाली म्हणून शहरात नळाला थेंब नाही, टँकरपुढं घागरींची रांग. माझ्या वाट्याला आला तो एवढाच पूर, घागरींचा. त्याच्या वाट्याचा मी फोनवर ऐकला. पहिल्या दिवशी त्यानं गल्लीच्या तोंडाला काठी रोवली. मग शाळेच्या कोपऱ्यावर. मग स्वतःच्या पायरीपाशी. काठी रोवायला जागा राहिली नाही तेव्हा भिंतीवर खडूनं रेघा मारायला लागला, प्रत्येक रेघेपुढं वेळ. म्हशी अगोदर सोनतळीच्या माळावर नेल्या होत्या, एक व्यालेली मागं राहिली होती, तिचं दावं कापलं आणि पाण्यातून हाताला धरून नेल्यासारखी नेली. आईला बोटीतून काढलं. ती माझ्याकडं आली, आमच्या वरच्या खोलीत राहिली. रात्री कधीही उठून विचारायची, "रेघ कुठवर आली?" आणि मी मोबाइल बघून बंधाऱ्याचे फूट आणि इंच सांगायचो. तिला ते नको असायचं. बंधाऱ्याचं नाही, तिला मीटरच्या पेटीपासून किती खाली आहे ते हवं असायचं, आणि ते सांगणारा गच्चीवर, त्याचा फोन बंद.

२०२१च्या जुलैत पाणी त्याहूनही थोडं वर गेलं. त्यावर त्यानं मला काहीच सांगितलं नाही. दिवाळीला घर रंगवलं तेव्हा जुन्या रेघा गेल्या, मीटरच्या पेटीवरची एक त्यानं ठेवली. पाहुणे विचारतात, तो सांगतो. चार नद्यांचं वाक्य त्याच रेघेखाली उभं राहून सांगतो.

म्हणून ती काठी मला खुपत राहिली. आम्ही मजा करायला आलो होतो. दर्या बघायचाय असं तोच म्हणाला होता. आणि आल्या आल्या त्यानं दर्याला हजेरीवर घेतलं होतं. मी लाटा बघत होतो, तो कड बघत होता. अर्ध्या तासातच लाटांनी काठी आडवी केली आणि ओढून नेली. "चढायलंय," तो म्हणाला. आवाज साधाच होता, पण त्यानं पहिल्यांदा कुठं बघितलं तर गाडीकडं. गाडी देवळाच्या अंगाला पार वर उभी होती. मग त्यानं दुसरी काठी आणली आणि बरीच वर, कोरड्या वाळूत रोवली.

होडीच्या सावलीत एकजण फाटलं जाळं सांधत बसला होता. त्यानं हे सगळं बघितलं असणार. "खंयसून इलात?" कोल्हापूर म्हटल्यावर त्यानं मान हलवली, कोल्हापूरकडून काहीही अपेक्षित असल्यासारखी. "आज पडवो. पाऊण वाजासर चढतला, मगे सुकती." मित्र त्याच्याशेजारी उकिडवा बसला. पाऊणच का, हे त्याला हवं होतं. तेव्हा त्या माणसानं हातातली सुई न थांबवता हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट करायची, जे येईल तितक्या वाजता भरती पुरी, मिनिटं थोडी इकडंतिकडं. प्रतिपदा म्हणून पाऊण. चतुर्थी असती तर तीन. अष्टमीला सहा, पण त्या दिवशी भांग, पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास उधाण. मित्रानं दोन-तीन तिथ्या स्वतः करून बघितल्या, षष्ठी म्हणजे साडेचार, दशमी म्हणजे साडेसात. म्हशीच्या दुधाचं फॅट आणि उसाचं टनेज तोंडी करणारा माणूस तो, त्याला हे लगेच जमलं. पण हिशेब जमल्यावर तो गप्प झाला.

"आणि उतरतंय कितीत?" त्यानं विचारलं.

सहा तास. चढायला सहा, उतरायला सहा. दिवसातून दोनदा.

"रोज?"

तो माणूस हसला. रोज नाही तर काय.

त्या साली चिखलीत पाणी इंचाइंचानं उतरत होतं. सकाळी रेघ मारायची आणि संध्याकाळी बघायची तर बोटभर. अलमट्टीतनं किती सोडलं, राधानगरीचे किती दरवाजे मिटले, पाऊस किती थांबला, सगळ्या बातम्यांवर कान, आणि भिंतीवर बोटभर. आणि इथं सबंध अरबी समुद्र पंचांग बघून उठतो आणि पंचांग बघून बसतो. त्याच्या चेहऱ्यावर मला आश्चर्य दिसलं, थोडा रागही दिसला. एवढं मोठं पाणी वेळेवर वागू शकतं तर आमच्या दारातल्याला काय धाड भरलीय, असं काहीसं. अर्थात बोलला नाही. मीच माझ्या मनानं त्याच्या तोंडी घालतोय. सोबतच्या माणसाच्या गप्प बसण्यात आपण आपल्या सोयीचं भरतो. त्याला कदाचित भूक लागली असेल.

जाळंवाल्याला मात्र काहीतरी कळलं असावं, कारण तो आपणहून म्हणाला की ह्या सगळा शांत दर्याचा. त्याच वर्षी, २०१९च्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या तोंडावर क्यार वादळ आलं होतं. "क्यार इला तेव्हा दर्याचा वेळापत्रक खंय रवला?" उभं भात लोळलं, होड्या वर ओढता ओढता हात सोलले. मित्रानं मान वर केली. त्याच वर्षी? मग दोघांनी एकमेकांना आपापलं वर्ष सांगितलं. मी बाजूला वाळूवर पाय पसरून बसलो होतो. लाटांमुळं मला निम्मं ऐकू आलं नाही आणि पुढं सरकावंसंही वाटलं नाही.

पाऊण वाजून गेला. दुसऱ्या काठीच्या हातभर अलीकडं एक लाट आली, फेस सोडून परतली, आणि त्यानंतरची तिथवर पोचली नाही. तो उभा राहून बघत होता. आणखी चार-सहा लाटा आल्या, प्रत्येक थोडी कमी. मग त्यानं चपला काढल्या.

जेवायला देवळामागं एका घरगुती खानावळीत बसलो. तळलेला बांगडा, तिरफळ घातलेलं बांगड्याचंच तिखलं, उकडा भात, सोलकढी. बंदी उठून दोन महिने झालेले, त्यामुळं मासळी भरपूर आणि ताजी. त्यानं पहिल्या घासाला तिरफळ चावलं आणि जीभ बधिर झाल्यावर मिरची मागितली. कोल्हापूरचा माणूस कोकणात जेवताना तांबड्या रश्शाची आठवण काढल्याशिवाय राहत नाही, तेवढं त्यानं केलं. पण सोलकढी तीनदा घेतली. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, आवडली का, तर म्हणाला, "आमच्या पांढऱ्या रश्शाची धाकटी भन दिसतीया." बाईंना पांढरा रस्सा माहीत नव्हता. तो समजावून सांगण्यात आणखी एक वाटी गेली.

परत पुळणीवर आलो तेव्हा तीन वाजले असतील. जिथं सकाळी मी घोटाभर पाण्यात उभा होतो त्याच्याही पलीकडं ओली, चकचकीत वाळू निघाली होती. खेकड्यांनी तिच्यावर गोळ्यांची नक्षी घातली होती. तो काठीपासून पाण्यापर्यंत पावलं मोजत चालत गेला. मोजली किती ते सांगितलं नाही. पाण्याशी पोचल्यावर पुढंही गेला, गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, खिशातला मोबाइल हातात उंच धरून. मी हाक मारली नाही. बऱ्याच वेळानं लाटेकडं पाठ करून उभा राहिला आणि ओरडला, "फोटो काढ की मर्दा!"

पुढचा रस्ता मिठबावची गजबादेवी, मग किनाऱ्या-किनाऱ्यानं आणि खाड्यांवरच्या पुलांवरून आचऱ्यापर्यंत. त्या तासाभराबद्दल माझ्याकडं सांगण्यासारखं एकच आहे, ते म्हणजे ऊन. शरदातलं चारचं ऊन माडांच्या बुंध्यांमधून आडवं येतं, खाडीच्या पाण्याला लागतं आणि गाडीच्या टपाच्या आतल्या बाजूला हलत राहतं. तो झोपला होता. कोजागरीचं जागरण आणि बांगडा दोन्ही अंगावर आलं होतं. मला एकट्यालाच ते ऊन बघायला मिळालं आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं. दिवसभर त्याच्या डोळ्यांनी पाण्याकडं बघून मी जरा दमलो होतो.

आचऱ्याला रामेश्वराच्या देवळाजवळ चहाला थांबलो. टपरीवाल्या बाईंना त्यानं, माणसं विचारतात तसं, गावात काय काय असतं म्हणून विचारलं, आणि त्यांनी गावपळणीचं सांगितलं. मी ऐकून होतो, तो नव्हता. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल झाला की सगळं गाव घरंदारं सोडून वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. वेशीपलीकडं झोपड्या घालून तीन दिवस, तीन रात्री राहायचं. मागं गाव रिकामं, दिवा नाही, आवाज नाही.

त्याचा चहा हातातच राहिला. "समद्यांनी? हौसेनं?"

"देवाचा आसा ता. पण मजा येता. पोरांका शाळा नाय."

"आणि परत कवा यायचं ते?"

"तीन रातींनी परत कौल घेतत. देवान हय म्हटल्यान की येवचा."

"पूर न्हाई, रोगराई न्हाई, काय न्हाई. आपलं उठायचं आणि जायाचं."

"होय तर."

"चोऱ्या होत न्हाईत?"

बाई नुसत्या हसल्या. त्यानं खूप विचारलं. म्हाताऱ्यांना कसं नेता, आजारी असेल त्याचं काय, वैरण बरोबर नेता का तिथंच कापता, पाणी कुठलं, पाऊस आला तर, झोपडी घालायला किती वेळ लागतो. बाईंनी ज्याची माहिती होती ते सांगितलं. मी म्हटलं, चल, अंधार पडेल. तरी तो उठेना. ज्यानं रात्रीत घर सोडलंय त्याच्यासाठी ठरवून घर सोडणारं गाव म्हणजे काय असेल, याचा मी टपरीवर बसून अंदाज बांधत होतो. लाड वाटले असतील? की तालीम? गाडीत बसल्यावर त्यानं एवढंच म्हटलं, "झोपडीचं सामान आधी बांधून ठेवत असतील. आमचंबी जून म्हैन्यात बांधून ठेवाय पायजे."

कणकवलीत त्यानं बाजारातून बांगडे घेतले, बर्फ घालून थर्माकोलच्या खोक्यात. फोंडा घाट चढेपर्यंत अंधार झाला आणि दाजीपूरच्या जंगलात पोचलो तर पूर्वेला, पुन्हा रस्त्याच्या नाकासमोर, चंद्र. "ह्यो दिसभर आपल्या म्होरंच," तो म्हणाला. मी सांगितलं की भरतीला ओढणारा हाच. ते त्याला माहीत होतं, शाळेत शिकलेला. "मग राधानगरीला का ओढत न्हाई?" राधानगरीचा तलाव डावीकडं काठोकाठ भरलेला होता. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेलं ते धरण, सात स्वयंचलित दरवाजे, पाण्याचा दाब वाढला की आपोआप उघडणारे. पावसाळ्यात एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक सुटल्याचा मेसेज मोबाइलवर येतो आणि जिल्ह्यातली निम्मी माणसं तो पुढं पाठवतात. याच पाण्यावर त्याचा ऊस उभा आहे, याच पाण्यानं तो दोनदा कुजवलाय. खोक्यातला बर्फ वितळून मागच्या सीटखाली ओघळत होता. माशाच्या वासाची ती गाडी दुसऱ्या दिवशी ऑफिसला न्यायची होती, याचं मला टेन्शन आलं होतं. त्याला अजिबात नव्हतं.

चिखलीत पोचलो तेव्हा मावशी जाग्या होत्या. खोकं उघडून त्यांनी बांगडे मोजले, इतक्या लांब जाऊन इतकेच का, म्हणून विचारलं आणि चुलीकडं वळल्या. मी ओसरीवर मीटरच्या पेटीखाली बसलो. तो आत आईला गावपळणीचं सांगत होता. काठीचं नाही, भरतीचं नाही, मिरची मागितल्याचं नाही, आधी तेच. सगळं गाव, गुरंढोरं, तीन रात्री, देवाचा कौल. मावशी बांगड्याची डोकी काढता काढता ऐकत होत्या.

"आणि म्हशी धरून?" त्यांनी विचारलं.

"व्हय की. समदी जनावरं."

"मग दुधाचं? डेरीची गाडी तितवर येती का वेशीभायेर?"

तो थांबला. "त्ये न्हाई विचारलं."

"मग काय विचारलंस एवढा येळ?" मावशी म्हणाल्या आणि मला ओरडून सांगितलं की जेवल्याशिवाय जायचं नाही, भाकरी टाकतेय.